आल्फ्रेड बिने : ‘ढ’ मुलांचा कैवारी



निकालाचा दिवस आठवून पाहा. प्रगतिपुस्तकात दोन विषयांखाली लाल रेघ दिसते आणि घरात कोणीतरी बोलून जाते की, हा मुलगा ढच आहे, याला आता कामाधंद्याला लावा. आम्ही शिक्षकही वर्गात हा शब्द वापरतो, हे कबूल केले पाहिजे. पण मुलगा ढ आहे हे आपण ठरविले कशावरून? ते तपासले कसे? हा प्रश्न ज्यांनी शास्त्रीय रीतीने हाती घेतला, त्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ या.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाल्याने आईनेच त्यांना वाढविले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण वकिलीत मन रमले नाही. वैद्यकाचा अभ्यासही अर्धवट राहिला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्राचे ग्रंथ वाचू लागले.

हे शास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. जर्मनीत विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली होती. तेथे प्रयोगात भाग घेणारा आपल्याच मनातील अनुभवांचे निरीक्षण करून ते सांगत असे. या पद्धतीला अंतर्निरीक्षण म्हणतात. सर्व माणसांना लागू पडतील असे मनाचे नियम वुंट शोधीत होते. बिने यांना पुढे निराळ्याच प्रश्नाने पछाडले : माणसामाणसांत फरक कोणते, आणि ते मोजावे कसे?

पण त्याआधी त्यांना एक मोठी ठेच लागली. १८८३ च्या सुमारास ते पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात प्रख्यात डॉक्टर शार्को यांच्या हाताखाली संमोहनाचे प्रयोग करू लागले. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की शरीराच्या एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूला जातात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने जाहीर केले. बेल्जियमचे देल्बेफ यांनी हे प्रयोग प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा दोष उघड झाला. काय घडणे अपेक्षित आहे, याची चर्चा रुग्णासमोरच चालत असे! रुग्ण ते ऐकून तसे वागत. चुंबकाचा त्यात काहीच गुण नव्हता. बिने यांनी प्रथम वाद घातला, पण अखेरीस आपली चूक जाहीरपणे मान्य केली. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षाच निष्कर्ष बिघडवू शकते, हा धडा ते कधीही विसरले नाहीत.

पुढे त्यांनी घरातच निरीक्षण सुरू केले. मादलेन आणि आलिस या त्यांच्या दोन मुली. एक सावध व वस्तुनिष्ठ, तर दुसरी कल्पनेत रमणारी. एकाच घरात वाढूनही दोघींच्या विचारांची तऱ्हा वेगळी! एकेका व्यक्तीच्या अशा सखोल अभ्यासाला व्यक्ति-अध्ययन म्हणतात. १९०३ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानीत. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. परंतु हुशार व मागासलेल्या मुलांतील फरक अगदी नगण्य निघाला. आपल्या मनातील ग्रहही मोजमापात शिरतो की काय, अशी शंका त्यांनी स्वतःवरच घेतली आणि तो मार्ग सोडला.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना विशेष शिक्षण देण्यासाठी ती ओळखावी कशी, हा प्रश्न तिच्यापुढे होता. बिने समितीचे सभासद होते. नुसत्या शिक्षकाच्या मतावर मुलाचे भवितव्य ठरू नये, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी डॉक्टर थेओदोर सिमों यांच्या मदतीने ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. शरीराचे अवयव दाखविणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, तीन शब्दांचे वाक्य करणे असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे हे प्रश्न होते. प्रत्येक मुलाला तेच प्रश्न, त्याच रीतीने. १९०८ मध्ये कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना कोणता प्रश्न सुटतो हे पाहून वयवार मांडणी केली. बुद्धिमापनाचा पाया तो हाच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठेव आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण व संयम वाढविणारे व्यायाम सुचविले. पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा खेळ हा त्यांपैकीच एक. ते म्हणत की लक्ष देणे हेही शिकविता येते. १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या कसोटीचे दोन्ही प्रकारे चीज झाले, बरे आणि वाईटही. १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यंकाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी कसोटीची सुधारित आवृत्ती काढली. आपल्याकडे डॉ. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. परंतु अमेरिकेत काहींनी याच आकड्याच्या आधारे माणसांना जन्मतः हीन ठरविले. मदतीसाठी केलेल्या मापाचा शिक्का झाला.

तेव्हा पालकहो, यंदा निकाल हाती आला की एवढेच करा. मुलगा कोठे अडला ते त्याच्याजवळ बसून पाहा आणि त्याच्यासमोर ‘ढ’ हा शब्द उच्चारू नका. त्या रुग्णांप्रमाणे तोही ऐकतो, आणि ऐकले तसा होऊ लागतो. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही जाणून घ्या : प्रगतिपुस्तक तुम्ही आज कोठे आहात ते सांगते; उद्या कोठे असाल ते नाही.