कविवर पं. बनारसीदास यांची काव्यप्रेरणा

समयसाराचा स्वाध्याय करणाऱ्या श्रावकांस 'नाटक समयसार' हा ग्रंथ सुपरिचित आहे. त्याचे कर्ते कविवर पंडित बनारसीदास हे मुनी नव्हते, मठात वाढलेले शास्त्रीही नव्हते. ते व्यापारी होते, आणि व्यापारात वारंवार बुडालेले व्यापारी होते. अशा संसारी गृहस्थास एवढ्या थोर ग्रंथाची स्फूर्ती कोठून लाभली, हे त्यांच्या चरित्रातून पाहण्यासारखे आहे.

विक्रम संवत 1643 (इ. स. 1586-87) मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन जवाहिऱ्यांचा व्यवसाय करीत. मुलाने हिशेब शिकावा, दुकान सांभाळावे, ही पित्याची इच्छा. मुलाचे मन मात्र कोश, छंद आणि अलंकारशास्त्रात रमले. चौदाव्या वर्षीच त्यांनी सुमारे एक हजार दोहे-चौपायांची पोथी रचली. नाव नवरसांचे, पण भर सारा शृंगारावर. मित्रमंडळी वाहवा करीत आणि पोथी हातोहात फिरे.

इ. स. 1605 मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरास पोहोचली. ती ऐकताच जिन्यावर बसलेले बनारसीदास मूर्च्छा येऊन कोसळले आणि त्यांचे डोके फुटले. पुढे थोड्याच दिवसांत, एका सायंकाळी गोमतीच्या पुलावर मित्रांना पोथी वाचून दाखवीत असता त्यांच्या मनात विचार आला, की एक असत्य बोलणारासही दुर्गती चुकत नाही, मग आपण तर हजारो कल्पित गोष्टी लिहिल्या! त्याच क्षणी त्यांनी पोथी नदीत भिरकावली. पाने पाण्यावर पसरली. मित्र हळहळत राहिले. त्या दिवसापासून देवदर्शन, सामायिक आणि व्रतनियम सुरू झाले. पित्यास आनंद झाला. तरुण कवीने आपली पहिली कृती स्वहस्ते बुडवावी, ही गोष्ट सोपी नव्हे.

पुढे पित्याने जवाहीर, तूप, तेल व दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड देऊन त्यांस आग्र्यास धाडले. कापड तोट्यात विकले गेले, काही रत्ने हरवली, भांडवल संपले. त्या विपन्नावस्थेत ते रात्री घरी 'मधुमालती' व 'मृगावती' ही प्रेमाख्याने गाऊन वाचीत. दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. श्रोत्यांतील एका कचोरीवाल्याने त्यांस सहा-सात महिने उधारीवर कचोऱ्या खाऊ घातल्या. शेवटी हिशेब झाला तो चौदा रुपये! पेढीवर न जमलेले भांडवल या रात्रींत जमत होते. बोलीभाषेतील कथेची चाल आणि ऐकणाऱ्याचे मन धरून ठेवण्याची हातोटी त्यांस येथेच अधिक साधली असावी. इ. स. 1613 मध्ये 'नाममाला' हा पद्यकोश सिद्ध झाला.

खरी ठिणगी पडली ती इ. स. 1623 मध्ये. आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावर अमृतचंद्राचार्यांनी रचलेले कलश आणि त्यांवरील पांडे राजमल्ल यांची बालबोध टीका त्यांच्या हाती आली. परंतु ग्रंथ वाचला गेला, पचला नाही. निश्चयनयाचा एकच पक्ष धरून त्यांनी क्रियाकांड सोडले. मित्रांसह बंद खोलीत नग्न होऊन मुनिपणाचा खेळही मांडला. लोकांनी निंदा केली, ती अकारण नव्हती. ही अवस्था सुमारे बारा वर्षे टिकली. इ. स. 1635 च्या सुमारास पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी गोम्मटसारावर प्रवचने केली. गुणस्थानांचा क्रम समजताच निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ बनारसीदासांच्या ध्यानी आला. त्यानंतर वर्षभरातच, 1636 मध्ये, 'नाटक समयसार' पूर्ण झाले. कुंवरपाल आदी मित्रांची नित्य धर्मचर्चा त्यामागे होती. एकान्तात बसून स्फूर्तीची वाट पाहणारा हा कवी नव्हता. त्यास शास्त्र आणि सत्संग दोन्ही लागत.

संसारात मात्र दुःखास पार नव्हता. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, आणि नऊही डोळ्यांदेखत गेली. मागे उरली ती दोघे पतिपत्नी. इ. स. 1641 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यास 'अर्धकथानक' हे नाव दिले. त्यात तोटा, कर्ज, रोग, तारुण्यातील दुर्वर्तन, नग्नतेचा तो खेळ, काहीही झाकलेले नाही. शेवटी तर जमाखर्च मांडावा तसे स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही सांगितले आहेत. असत्य म्हणून पोथी बुडविणाऱ्या कवीस लिहिण्याजोगे सत्य अखेर स्वतःच्याच जीवनात सापडले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते.

त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा देहान्त झाला. इ. स. 1644 मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना 'बनारसी विलास' या नावाने एकत्र केल्या. 'अर्धकथानक' मात्र दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिले. मुंबईत पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते इ. स. 1943 मध्ये संपादून छापले.