एका शब्दाचा शोध

आमच्या विद्यार्थ्यांपुढें आज आम्ही फ्रेडरिक डग्लस यांचें चरित्र ठेवितों. इ. स. १८१८ च्या सुमारास अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत ते गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोर शहरीं धनिणीनें त्यांस मुळाक्षरें शिकविलीं. परंतु धन्यानें तें शिक्षण बंद पाडिलें. तेव्हां गरीब गोऱ्या मुलांस भाकरी देऊन ते त्यांजकडून वाचावयास शिकले.

एखादा गुलाम पळाला, कीं धनी लोक ‘अ‍ॅबॉलिशन’ हा शब्द रागानें उच्चारीत. डग्लस यांनीं कोश उघडला. नष्ट करण्याची क्रिया, एवढाच अर्थ तेथें होता. नष्ट काय करावयाचें, हें कळेना, आणि कोणास विचारण्याची भीति वाटे. पुढें एका वर्तमानपत्रांत गुलामगिरी बंद करण्याविषयींच्या अर्जांची हकीकत वाचतांच अर्थ उलगडला. आपल्या सुटकेची इच्छा बाळगणारे लोक जगांत आहेत, हें त्यांस कळलें.

१८३८ सालीं ते पळून स्वतंत्र झाले. पुढें वक्ते व संपादक या नात्यांनीं ते त्याच कार्यासाठीं झटले. १८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. १८९५ सालीं ते निवर्तले.

अपरिचित इंग्रजी शब्द आढळल्यास आपण कोश पाहावाच. परंतु त्यानें समाधान न झाल्यास वाचीत राहावें. शब्दाचा पुरा अर्थ पुष्कळदां पुढच्या वाचनांतच सांपडतो, असें आम्हांस वाटतें.