शिक्षिकांची शिक्षिका : ताराबाई मोडक

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काही नवे चेहरे दिसू लागतात. हातात नेमणुकीचा आदेश, खांद्याला पिशवी, आणि जायचे असते भामरागड, एटापल्ली नाहीतर जिवतीकडच्या एखाद्या गावी. हे आपले नवे गुरुजी आणि नव्या बाई. वर्गातली मुले माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलतात. बाईंना येते मराठी. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. अडले तर विचारायचे कोणाला? अशा वेळी चांगले शिक्षकही मनातून खचतात आणि बदलीची वाट पाहू लागतात. नुकसान होते ते मुलांचे. म्हणून या रविवारी आपण अशा एका बाईंची ओळख करून घेऊ या, ज्यांनी मुलांइतकीच नव्या शिक्षिकांचीही काळजी वाहिली. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकर घराण्यात झाला. प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात त्या वाढल्या. मुली फारशा शिकत नसत त्या काळी, १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भातल्या अमरावतीला आल्या. परंतु संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले आणि राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या.

मानाची जागा होती. पण भावनगरला गिजुभाई बधेका बालमंदिरात जे नवे प्रयोग करत होते, ते ताराबाईंना खुणावू लागले. १९२३ च्या सुमारास प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंकडे गेल्या. इतरांना शिकवणाऱ्या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! आम्हांला त्यांच्या चरित्रातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो. जो स्वतः शिकायचे थांबत नाही, त्यालाच नवख्याचा हात धरता येतो. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले आणि त्याला जोडून शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिरही चालवले.

शहरातले काम मार्गी लागले होते, तरी ताराबाईंचे मन खेड्याकडे ओढ घेत होते. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तिथे त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा होत्या, शिक्षिका म्हणून अनुभवी होत्या. पण बालवाडीचे काम त्यांना नवीन होते. ताराबाईंनी त्यांच्या हाती नुसती नियमांची वही ठेवली नाही. त्या स्वतः त्यांच्यासोबत वस्तीत गेल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे इथपासून सुरुवात झाली. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणे नि ओळखणे शिकवले. चुकत, सुधारत, दोघी बरोबरीने शिकल्या.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

पण काम थांबले नाही. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या श्वासापर्यंत, ते पुढे नेले. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द आपल्या जंगलातल्या पाड्यांपर्यंत पोहोचला. मार्गदर्शकाची खरी परीक्षा त्याच्या मागे होते. आपण गेल्यावर शाळा सुरू राहिली, तर आपण नीट शिकवले म्हणायचे.

प्रशिक्षणे होतात, केंद्रप्रमुखही भेट देऊन जातात. ते हवेच. पण शाळा सुटल्यावर एकट्या खोलीत बसलेल्या नव्या बाईंना आणखी काही हवे असते. आपल्या धर्मग्रामात कितीतरी निवृत्त शिक्षक, शिक्षिका आहेत. त्यांनी एका तरी नव्या शिक्षकाला आपले मानावे, महिन्यातून एकदा त्याच्या वर्गात शेजारी बसावे, त्याचे ऐकून घ्यावे. ज्या घरांत माडिया किंवा गोंडी बोलली जाते, त्यांनी त्याला रोजचे दहा शब्द शिकवावेत. आणि आपण सर्वांनी त्याला रविवारी जेवायला बोलवावे. एवढ्यानेही एखादा शिक्षक टिकेल, आणि त्याच्यासोबत एक शाळा टिकेल.