डॉ. ग्रिफिथ इव्हान्स : सर्रा रोगाचा जंतू शोधणारे पशुवैद्य

प्राणिसंग्रहालयातला वाघ जेवण सोडून मलूल पडला, तर वन्यजीवांचे डॉक्टर त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या थेंबात माशासारखा वळवळणारा एक जीव तर नाही ना, याची खात्री करावी लागते. त्या जीवाचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. यातला ‘इव्हान्सी’ म्हणजे कोण, ते आज पाहू.

ग्रिफिथ इव्हान्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समधल्या टाविन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातून १८५५ मध्ये ते पशुवैद्य झाले आणि १८६० मध्ये सैन्यात दाखल झाले. काम काय, तर तोफखान्याच्या घोड्यांची देखभाल. पुढच्या वर्षी त्यांची बदली कॅनडात, मॉन्ट्रियलला झाली. तिथे नोकरी सांभाळून त्यांनी मॅकगिल विद्यापीठात माणसांच्या वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८६४ मध्ये ते एम.डी. झाले. जनावरांचे डॉक्टर आणि माणसांचेही डॉक्टर! त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध जवळून बघायला ते गेले आणि अब्राहम लिंकन यांनाही भेटले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सूक्ष्मदर्शकाची सवय त्यांना लागली होती. त्या काळी घोड्याच्या डॉक्टरकडून अशी अपेक्षा कुणी करत नसे.

१८७७ मध्ये ते भारतात आले. तीन वर्षांनी पंजाब सरकारने त्यांना सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान इथे पाठवले (हे ठिकाण आता पाकिस्तानात आहे). तिथे घोडे, खेचरे आणि उंट झिजून झिजून मरत होते. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. पायांना आणि पोटाखाली सूज, रक्त कमी होत जायचं आणि शेवटी जनावर उभंच राहू शकत नसे. लोक या रोगाला सर्रा म्हणत. सैन्याचं सगळं सामान तेव्हा जनावरांच्याच पाठीवर, त्यामुळे सरकारलाही घाई होती.

इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त तपासले, तर त्यात सळसळणारे जीव दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचले, तर तीही आजारी पडली. शिवाय स्थानिक लोक सांगत होते की मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे हा रोग होतो. साहेबी थाटात ते हसण्यावारी न नेता इव्हान्स यांनी त्याचीही नोंद घेतली. मला त्यांचा हा गुण फार मोठा वाटतो.

पण झालं काय? १८८० च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला आणि वरिष्ठ तज्ज्ञांनी तो मान्य केला नाही. कारण असं, की टिमथी लुइस या शास्त्रज्ञांना काही वर्षांपूर्वी कलकत्त्यात धडधाकट उंदरांच्या रक्तात अगदी तसेच जीव सापडले होते. उंदीर मरत नाहीत, मग घोडा कसा मरेल, असा तो तर्क. ऐकायला बरोबर वाटतो ना? पण उंदरातला जीव आणि घोड्यातला जीव या दोन वेगळ्या जाती होत्या.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरांची साथ तपासताना जॉन हेन्री स्टील या पशुवैद्याला तोच जीव दिसला. त्याने त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. तो जीव नेमका कुठल्या गटातला, हे मात्र त्यालाही चुकीचेच वाटले. हेच स्टील १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले, बरं का!

इव्हान्स १८९० मध्ये सैन्यातून निवृत्त झाले, तोवर त्यांच्या शोधाला फारशी किंमत मिळाली नव्हती. नंतर १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेत झुलूलँडमध्ये गुरांच्या नगाना रोगामागे अशाच जातीचा जीव दाखवला. तो त्सेत्से माशीतून पसरतो आणि रानरेडे, कुडू अशा जंगली प्राण्यांच्या अंगात त्यांना आजारी न पाडता राहतो, हेही दिसले. तेव्हा कुठे लोकांनी इव्हान्स यांचा जुना अहवाल पुन्हा उघडला. १९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने त्यांना मेरी किंग्सली पदक दिले. म्हणजे शोधानंतर सदतीस वर्षांनी! या सगळ्या काळात ते वेल्समधल्या बँगोरला राहिले आणि तिथल्या कॉलेजात अनेक वर्षे पशुआरोग्य शिकवत राहिले.

सर्रा अजून गेलेला नाही. भारतात तो गोमाशीसारख्या माश्या चावल्याने पसरतो. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात बारा वाघ दगावले, तेव्हा कारण हेच सांगितले गेले. आणि २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा जीव सापडला. माणसात त्याची पक्की नोंद झाल्याची ती जगातली पहिलीच वेळ होती. माणसाच्या रक्तात या जीवाला मारणारे एक प्रथिन असते, ते नेमके या शेतकऱ्याकडे नव्हते. औषधाने तो बरा झाला.

आज तुमच्यापैकी कुणाला वन्यजीवांचा डॉक्टर व्हायचे असेल तर बारावीनंतर नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष काम. गाय, घोडा, कुत्रा आधी शिकावा लागतो, वाघ त्यानंतर. नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीवांसाठी वेगळे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे.

इव्हान्स ७ डिसेंबर १९३५ रोजी बँगोर इथे वारले. चारच महिन्यांपूर्वी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती.