ठिपक्यांत रेणू मांडणारे गिल्बर्ट लुईस

अकरावी विज्ञानाचा विद्यार्थी चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्याचा असो वा मुंबईचा, रसायनशास्त्राच्या वहीत तो मूलद्रव्यांच्या चिन्हांभोवती जोडीजोडीने ठिपके मांडतोच. ही रीत रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी ४१ वेळा सुचविले गेले; पारितोषिक मात्र एकदाही मिळाले नाही.

मॅसॅच्युसेट्समधील वेमथ येथे २३ ऑक्टोबर १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. १८९९ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट, पुढे जर्मनीत ओस्टवाल्ड व नेर्न्स्ट यांच्याकडे अध्ययन, काही काळ मनिला येथे वजनमापांच्या खात्यात नोकरी. आणि १९१२ पासून अखेरपर्यंत बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ.

हार्वर्डला शिकवीत असताना, १९०२ मध्ये, त्यांनी अणू म्हणजे एक घन व त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन अशी आकृती काढली होती. ती तब्बल १४ वर्षे कागदांतच राहिली. १९१६ च्या शोधनिबंधात त्यांनी सांगितले, की दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक ठेवतात, तोच रासायनिक बंध. घन पुढे मागे पडला, ठिपके तेवढे उरले.

या ठिपक्यांची खरी कसोटी अनेक अणूंच्या आयनात, शालेय भाषेत संमिश्र मूलकात, लागते. सायनेट आयन घ्या. ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन आणि एक ऋण प्रभार मिळून संयुजा इलेक्ट्रॉन १६. कार्बन मध्यभागी ठेवून प्रत्येकाभोवती आठ इलेक्ट्रॉन भरण्याच्या तीन मांडण्या निघतात. निवड करण्यासाठी पुढे औपचारिक प्रभाराचा हिशेब आला : बंधातले इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंत समसमान वाटायचे आणि कोणाकडे किती जास्त वा कमी झाले ते पाहायचे. ऑक्सिजनवर धन एक व नायट्रोजनवर ऋण दोन आणणारी मांडणी इथेच बाद होते. उरलेल्या दोहोंत ऋण प्रभार ऑक्सिजनवर ठेवणारी, कार्बन व नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध असलेली मांडणी अधिक स्थिर. कारण इलेक्ट्रॉन ओढण्यात ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा बलवान.

लुईस यांची कल्पना व्याख्यानांतून जगभर पोहोचविली ती अर्व्हिंग लँगम्यूर यांनी, आणि श्रेयाचा मोठा वाटाही त्यांच्याकडे गेला. लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल मिळाले, तेही पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. नेर्न्स्ट यांच्या चुका लुईस यांनी छापून दाखविल्या होत्या. ते वैर त्यांना भोवले, असे काही अभ्यासक मानतात. फोटॉन हा शब्द त्यांनी १९२६ मध्ये रूढ केला. गंमत अशी, की ज्या सिद्धान्तासाठी तो योजला तो टिकला नाही, शब्द टिकला. १९३३ मध्ये त्यांनी जवळजवळ शुद्ध जड पाणी वेगळे काढले; पुढच्याच वर्षी जड हायड्रोजनच्या शोधाचे नोबेल त्यांचे शिष्य हॅरॉल्ड युरी यांना एकट्याला जाहीर झाले. त्याच १९३४ साली लुईस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा राजीनामा दिला.

२३ मार्च १९४६ रोजी बर्कलेच्या प्रयोगशाळेत, हायड्रोजन सायनाइडवरील प्रयोग सुरू असताना, ते मृतावस्थेत आढळले. वय ७० होते. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदविण्यात आले.