डोंगर त्याचा, घाम दुसऱ्यांचा

घर बांधायचं तर माणूस आधी पाणी बघतो, रस्ता बघतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पंचविशीच्या वकिलाने यातलं काहीच बघितलं नाही. त्याला भुरळ पडली ती वरून दिसणाऱ्या देखाव्याची. वडिलोपार्जित जमिनीत ८६७ फूट उंचीचा एक डोंगर होता आणि त्यावरून पश्चिमेला ब्लू रिजच्या निळसर रांगा दिसायच्या. १७६८ साली त्याने या डोंगराचा माथा सपाट करायला घेतला आणि जागेला इटालियन नाव दिलं मॉन्टिचेलो, म्हणजे छोटा डोंगर.

हा वकील म्हणजे थॉमस जेफरसन. पॉलिटिकल सायन्सला असाल तर तो तुम्हाला भेटलेला असतोच. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याचा, आणि देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्षही तोच. पण त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर जाहीरनाम्याइतकाच हा डोंगरही वाचावा लागतो.

वडील पीटर जमीनमोजणी करायचे. थॉमस १४ वर्षांचा असताना ते गेले आणि मोठेपणी या मुलाच्या वाट्याला सुमारे ५,००० एकर जमीन आली. १७७० मध्ये पायथ्याजवळचं शॅडवेलचं जुनं घर जळालं, त्यात त्याची पुस्तकंही गेली. डोंगरावर तेव्हा फक्त एक छोटी बाजूची इमारत उभी होती. तो तिथेच राहायला गेला. १७७२ च्या जानेवारीत लग्न करून बायको मार्थाला घेऊन आला तोही भर बर्फातून, याच एका खोलीच्या संसारात!

पाण्याचं काय? १७६९ मध्ये ६५ फूट खोल विहीर खणली. ती अधूनमधून आटायची. मग खालच्या झऱ्यांवरून पाणी वर ओढून आणावं लागायचं. पुढे पावसाचं पाणी साठवायला टाक्या बांधल्या. देखाव्याची किंमत अशी रोज मोजावी लागत होती.

१७८२ मध्ये मार्था गेली. त्यानंतर काही वर्षं जेफरसन फ्रान्समध्ये सरकारी प्रतिनिधी होता. तिथली घुमटाची घरं पाहिली, १७८६ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथले बगिचे पाहिले आणि परतल्यावर त्याला आपलं घर जुनाट वाटायला लागलं. १७९६ मध्ये बरंचसं पाडून नव्याने बांधायला सुरुवात केली. ८ खोल्यांच्या २१ झाल्या, वर घुमट आला. सगळं मिळून हे काम ४० वर्षं चाललं.

घरापेक्षाही त्याचा जीव बागेत जास्त. १७६६ पासून तो बागेची वही लिहायचा. कुठलं फूल कधी उमललं, काय पेरलं, काय मेलं, सगळं तिच्यात टिपलेलं. डोंगराला वेगवेगळ्या उंचीवर गोल फिरणारे चार रस्ते काढले. दक्षिणेच्या उतारावर डोंगर तासून, दगडी भिंतीचा आधार देऊन १,००० फूट लांबीचा भाजीचा मळा केला. भाज्यांचे ३०० हून जास्त प्रकार त्याने लावून पाहिले. मटार तर इतका आवडीचा की वसंतात कोणाचा मटार आधी तयार होतो, यावर शेजाऱ्यांशी पैज लागायची. जिंकणाऱ्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं!

सगळं जमलं असं नाही. १८०७ मध्ये २८७ युरोपियन द्राक्षवेली लावल्या, पण स्वतःच्या मळ्याची वाइन करायचं स्वप्न राहूनच गेलं. तंबाखू आणि मक्याने जमिनीचा कस गेला होता, पावसात माती वाहून जायची. मग पिकं आलटून पालटून घेणं आणि उताराला आडवी नांगरट सुरू झाली. आडव्या नांगरटीत पुढाकार होता जावई थॉमस मान रँडॉल्फचा.

आता मुख्य प्रश्न. डोंगर तासला कोणी?

जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. माती उपसणारे, विटा भाजणारे, सुतारकाम करणारे बहुतेक हात त्यांचे. १७९४ मध्ये त्याने खिळ्यांचा कारखाना काढला, तिथे १० ते १६ वर्षांची मुलं दिवसभर खिळे ठोकायची. सासऱ्यांकडून आलेल्या माणसांमध्ये हेमिंग्ज कुटुंब होतं. त्यातल्या सॅलीच्या मुलांचा बाप जेफरसनच होता, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारा, गुलामगिरी वाईट आहे हे कागदावर मान्य करणारा हाच माणूस. मग त्याने त्यांना सोडलं का नाही? रंगाबद्दलचे पूर्वग्रह होते, सवयीची सोय होती आणि कर्जही होतं. सासऱ्यांचं कर्ज, न संपणारं बांधकाम, वाइन आणि पुस्तकं, वर नातवाच्या सासऱ्यासाठी दिलेला जामीन अंगलट आला. आणि सावकाराच्या हिशेबात माणसं ही मालमत्ता होती.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोब्बर ५० वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन गेला. डोक्यावर १ लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. त्याची कबर खणली वर्मली ह्यूजने. हिरवळीच्या कडेचे फुलांचे वाफे खणणारा गुलाम माळी तोच. मृत्युपत्रात पाच जणांना मुक्ती होती, त्यात वर्मली नव्हता. जेफरसनच्या मुलीने त्याला गुपचूप मोकळं केलं. पण १८२७ च्या जानेवारीत डोंगरावर सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला, आणि त्यात वर्मलीची बायको उर्सुला आणि मुलं होती. काही वर्षांनी घरही विकलं गेलं.

१९२३ पासून ही जागा एका संस्थेकडे आहे. उत्खनन करून भाजीचा मळा पुन्हा उभा केलाय, गुलामांच्या झोपड्यांच्या जागाही शोधल्यात. आता तिथे गेलेल्यांना घुमटासोबत वर्मली आणि उर्सुलाची नावंही ऐकायला मिळतात. देखावा मात्र तोच आहे, २५० वर्षांपूर्वी त्या तरुण वकिलाला भुरळ घालणारा. फक्त पायाखालची सपाट जमीन कोणी करून ठेवली, हे आता माहीत असतं.