एस्पेरांतोचे जनक डॉ. झामेनहोफ

स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहा असे कार्यकारिणीने मला सांगितले. थोर स्त्रियांची नावे पुष्कळजणींनी सुचविली. तरी मी एका पुरुषाचे चरित्र निवडले, कारण त्यात एका गृहिणीचा वाटा फार मोठा आहे.

लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक येथे झाला. हे गाव आज पोलंडात आहे. तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे ज्यू, पोल, रशियन व जर्मन शेजारी राहत, पण भाषा निराळ्या आणि मने संशयाने भरलेली. झामेनहोफ कुटुंब ज्यू. कोणाच्याही मालकीची नाही अशी एक सोपी भाषा असावी, हे वेड या मुलाच्या डोक्यात लहानपणीच शिरले. डिसेंबर १८७८ मध्ये वॉर्सात शाळासोबत्यांना जमवून त्याने आपल्या भाषेचा पहिला आराखडा दाखविला. वडील स्वतः भाषाशिक्षक, पण त्यांना ही खटपट पसंत नव्हती. मुलाला वैद्यकी शिकण्यास मॉस्कोस धाडताना वह्या त्यांनी आपल्या ताब्यात ठेवल्या. लुडविक यांनी पुढे सारी मांडणी पुन्हा केली.

डॉक्टर झाले, नेत्रवैद्यक शिकले. पण पुस्तकाला प्रकाशक मिळेना. अशा वेळी क्लारा झिल्बर्निक यांच्याशी लग्न ठरले. क्लाराबाईंचे वडील कौनासचे साबण कारखानदार. त्यांच्या मदतीने जुलै १८८७ मध्ये ते छोटे पुस्तक निघाले आणि ऑगस्टमध्ये लग्न झाले. लेखकाचे टोपणनाव 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा धरणारा. तेच भाषेचे नाव पडले. क्लाराबाईंचा हुंडा छपाईत आणि टपालात गेला. पाकिटांवर पत्ते लिहायलाही त्याच बसत. पैसे संपले तेव्हा पती दूर खेरसोन गावी दवाखाना थाटायला गेले आणि त्या मुलांसह माहेरी राहिल्या. माहेरी काय ऐकावे लागले असेल, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको!

भाषा मात्र खरोखर सोपी. अवघे सोळा नियम. प्रत्येक नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ'. एक गोष्ट मला खटकते. 'पात्रो' म्हणजे बाप, आणि त्यालाच शेपूट जोडून 'पात्रीनो' म्हणजे आई. समतेचा एवढा ध्यास घेणाऱ्या गृहस्थांना आईसाठी स्वतंत्र शब्द सुचू नये, याचे नवल वाटते.

१८९८ पासून ते वॉर्साच्या गरीब ज्यू वस्तीत अल्प फी घेऊन डोळे तपाशीत आणि रात्री लिहीत. १९०५ साली फ्रान्समधील बुलोन येथे पहिले जागतिक संमेलन भरले. वीस देशांतली सहाशेंहून अधिक माणसे दुभाष्यावाचून बोलली. भाषेवरचा हक्क त्यांनी पहिल्या पुस्तकातच सोडला होता. महायुद्ध चालू असतानाच १४ एप्रिल १९१७ रोजी ते वारले. क्लाराबाई १९२४ मध्ये.

तिन्ही मुले नाझींनी मारली. डॉक्टर झालेला आदाम १९४० मध्ये गोळीला बळी पडला. डॉक्टर झोफिया आणि देशोदेशी एस्पेरांतो शिकवीत फिरलेली धाकटी लिडिया या दोघींचा १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छावणीत अंत झाला. वॉर्सातल्या एका रस्त्याला झामेनहोफ यांचे नाव दिले होते. गाड्यांत कोंडण्यासाठी हजारो ज्यूंना त्याच रस्त्याने नेण्यात आले. आदामची पत्नी वांडा आपल्या मुलाला घेऊन निसटली, म्हणून तेवढा वंश राहिला.